रेंजफाइंडरला एकच लेन्स घ्यायची तर कोणती? तुम्ही विचारलंत म्हणून

रेंजफाइंडर म्हणजे लेन्सशेजारच्या वेगळ्या खिडकीतून बघून फोकस लावायचा कॅमेरा. त्याला एकच लेन्स कोणती, हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदाच नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन. प्रश्न साधारण असा असतो: "दादा, लायका एम घेतोय (किंवा बेसा, किंवा कुणाच्या तरी काकांकडून आलेला झॉर्की), बॉडीतच सगळे पैसे गेले, आता एकच लेन्स जमेल, ३५ घेऊ का ५०? आणि एफ/२ चालेल का एफ/१.४ च पाहिजे?" पाठोपाठ तीनचार व्हिडिओ येतात, ज्यात कुणीतरी मांजराच्या मिशा झूम करकरून दाखवत असतो.

नवीन असाल तर एवढंच: मिलिमीटरचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, आणि एफचा आकडा लहान तितकं अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं तोंड, मोठं. माझं उत्तर ठरलेलं आहे, ५० मिमी, एफ/२. बहुतेकांना ते जरा मिळमिळीत वाटतं. पण या कॅमेऱ्याची लेन्स निवडताना लेन्सकडे नंतर बघायचं असतं, आधी कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघायचं, आणि हे कुणी सांगतच नाही म्हणून सगळा घोळ.

एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात, लेन्सला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. इथे तसं नाही. इथे लेन्स तिचं बघते, तुम्ही शेजारच्या खिडकीतून तुमचं बघता, आणि ३५ लावा नाहीतर ९०, खिडकीतलं दृश्य तसूभर बदलत नाही, बदलते ती आत दिसणारी पांढरी चौकट. त्यामुळे तुमच्या बॉडीत कुठली चौकट मोठी, मोकळी आणि स्वच्छ दिसते यावर निम्मा निकाल लागतो. १९५४ च्या लायका एम३ ची खिडकी जवळजवळ खऱ्या आकाराचं दाखवते, ०.९१ पट, आणि तिच्यात चौकटी फक्त ५०, ९० आणि १३५ च्या, त्यातली ५० ची कायम दिसते, लेन्स कुठलीही लावा. म्हणजे एम३ वाल्याने ३५ का ५० हा प्रश्न विचारायचाच नाही, कॅमेऱ्याने उत्तर देऊन ठेवलंय. त्यावर ३५ वापरायची तर डोक्यावर वेगळा फाइंडर बसवा, नाहीतर लायकाने एम३ साठी काढलेली ती चष्मा लावलेली ३५ शोधा, लेन्सला जोडलेला खरोखरच दोन भिंगांचा चष्मा असतो, तो कॅमेऱ्याच्या खिडक्यांपुढे येतो, दिसायला मजेशीर प्रकार आहे.

एम६ किंवा तसल्या ०.७२ च्या बॉडीत ३५ आणि ५० दोन्ही चौकटी आहेत. पण मी चष्मा लावतो, तुमच्यातले निम्मे लावत असतील, आणि चष्म्यातून ३५ च्या चौकटीचे चारही कोपरे एका नजरेत धरायला डोळा अगदी काचेला चिकटवावा लागतो, २८ चं तर बोलायलाच नको, डोळा इकडेतिकडे फिरवत बसावं लागतं. ५० ची चौकट मात्र आरामात मधोमध दिसते आणि बाहेर चहूबाजूंनी जागा उरते, त्या जागेतून कोण चौकटीत शिरणार आहे ते आधीच कळतं. रेंजफाइंडरचं सुख म्हणतात ते हे, आणि ते ५० ला जास्त मिळतं. तेव्हा दुकानात गेलात किंवा कुणाकडे बॉडी बघायला गेलात की चष्म्यासकट डोळा लावून बघा, व्हिडिओ त्यानंतर.

आता कुणीतरी म्हणेलच की स्ट्रीटसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या फोटोंसाठी, ३५ च पाहिजे, ५० ने रस्त्यावर काय होणार. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँचं बरंचसं काम ५० वरच आहे, १९४८ च्या जानेवारीत दिल्लीला गांधीजींना भेटून फोटो काढले आणि त्यानंतर अंत्ययात्रेचे काढले, तो हाच माणूस. त्यामुळे "होत नाही" हे काही पटत नाही. पण ३५ वाल्यांचा एक मुद्दा शंभर टक्के खरा आहे तो मान्य करून टाकतो. फोकसकडे न बघता, अंतर अंदाजाने लावून ठेवून चालता चालता फोटो काढायचे असतील तर ३५ खूपच माफ करते. एफ/८ ला तीन मीटरवर लावून ठेवली तर ३५ मध्ये साधारण १.९ पासून ७ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं, ५० मध्ये तेच २.३ ते ४.२. फरक केवढा बघा. लोकलच्या दारात, गणपतीच्या मिरवणुकीत, जिथे तुम्ही गर्दीच्या आत आहात आणि मागे सरायला जागाच नाही, तिथे ३५ जिंकते.

पण गर्दीच्या कडेला उभे असाल तर? दादरच्या फुलबाजारात सकाळी जा, पुलाखाली, जिथे झेंडूच्या ढिगामागे माणूस बसलेला असतो. ढिगाच्या अलीकडे तुम्ही, मध्ये दोनेक मीटर, त्याच्यापुढे जाताच येत नाही कारण फुलंच पसरलेली आहेत आणि वरून हमाल ओरडत असतो. दोन मीटरवर ५० ची चौकट म्हणजे रुंदीला जेमतेम १.४ मीटर आणि उंचीला मीटरभर, म्हणजे तो माणूस, त्याचे हात, तराजू आणि ढिगाचा वरचा भाग, बास. ३५ मध्ये रुंदी दोन मीटरच्या वर जाते, मग शेजारच्याची निळी ताडपत्री, कुणाची तरी पाठ, एक अर्धी बाईक, सगळं आत येतं आणि ते सगळं नीट बसवायचं काम तुमच्यावर. जमतं त्यांना जमतं. नवीन माणसाला ५० बरी, कमी गोष्टी सांभाळायच्या असतात.

४० चं पण विचारता तुम्ही. ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी, त्या हिशोबाने खरी नॉर्मल लेन्स ४०-४५ चीच, पण १९२५ ला बाजारात आलेल्या लायकावर ५० होती आणि पुढे सगळे तिच्याच मागे गेले. ४० मला मनापासून आवडते. कॅननेट क्यूएल१७ जी-३ वर ४० एफ/१.७ जोडूनच येते, याशिका इलेक्ट्रो ३५ वर ४५ एफ/१.७, आणि ज्याला फक्त या पद्धतीची चव बघायचीय त्याने तसला एखादा घ्यावा, लेन्सचा प्रश्नच मिटला. पण एम बॉडीवर ४० ची चौकटच नाही. फॉइक्टलेंडरची नॉक्टन ४० एफ/१.४ लावली की चौकट उठते ती ५० ची, आणि फोटोत येतं त्याहून बरंच जास्त, म्हणून लोक लेन्सच्या माउंटचा कान कानशीने घासतात म्हणजे ३५ ची चौकट उठेल. एवढ्या पैशाच्या लेन्सला कानस लावायची माझी छाती नाही. बेसा आर३ए किंवा आर३एम असेल, किंवा १९७३ ची छोटी लायका सीएल, तर त्यात ४० ची चौकट आहेच, मग डोळे झाकून ४० घ्या.

आता एफ/१.४ चा हट्ट. फरक आहे एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फक्त एका. आणि आपल्याकडच्या उन्हात तो स्टॉप कुठे वापरणार? ४०० आयएसओची फिल्म (आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) घातली की दुपारी १/१००० सेकंदाला एफ/११ येतं, १०० ची घातली तरी एफ/५.६. जुन्या एम बॉडीत १/१००० च्या पुढे शटर जातच नाही, त्यामुळे दिवसा मागचं सगळं लोण्यासारखं वितळवायचं स्वप्न उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावल्याशिवाय विसरा. रात्री घरात ट्यूबच्या उजेडात ४०० च्या फिल्मवर एफ/२ ला १/३० मिळतो, आरसा उडत नसल्याने तो हातात निभतो, आणि नाहीच पुरलं तर फिल्म ८०० ला पुश करा, म्हणजे ८०० ची समजून वापरा आणि जास्त वेळ डेव्हलप करा, झाला तुमचा एक स्टॉप.

शिवाय फोकसचं गणित. मीटरभर अंतरावर ५० एफ/१.४ ला सगळी मिळून तीनेक सेंटीमीटर जाडी शार्प असते, एफ/२ ला पाचेक. हे तुम्ही काचेवर बघून लावत नाही, खिडकीच्या मधल्या छोट्या पॅचमध्ये दोन प्रतिमा एकमेकांवर आणून लावता, लेन्सच्या मागचा कॅम आतल्या चाकाला ढकलतो त्यावर सगळा भरवसा. कॅम किंवा चाक केसभर इकडेतिकडे असेल तर एफ/२ खपवून घेते, एफ/१.४ चुगली करते. त्यातून काही डिझाइनमध्ये अपर्चर बंद करत गेलं की फोकसच थोडा सरकतो, झाइसची सी सॉनार ५० एफ/१.५ त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुंदर लेन्स आहे, पोर्ट्रेटला तर काय सांगू, पण पहिली आणि एकुलती एक म्हणून नको. आणि मोठ्या लेन्सचं, त्यात हूड लावलं की, नाक खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येऊन बसतं ते वेगळंच.

मग कुठली ५०? पैसे असतील तर लायकाची समिक्रॉन ५० एफ/२, १९७९ ची लायकाच्या वॉल्टर मँडलर यांची डिझाइन, पुढे बाहेरचं रूप बदललं पण आतली काचेची रचना तीच राहिली, ०.७ मीटरपर्यंत जवळ जाते. झाइसची प्लानार ५० एफ/२ त्याहून बरीच स्वस्त आणि मला रंगांना जास्त आवडते, हे माझं वैयक्तिक. आणखी कमी पैशात कॅननची स्क्रू माउंटवाली (आट्यांनी बसणारी) ५० एफ/१.८, ती घेतलीत तर एम बॉडीवर लावायचा ॲडॅप्टर ५०-७५ लिहिलेलाच घ्या, दुसरा घेतलात तर चौकट भलतीच उठेल. या जुन्या लेन्स मीटरच्या आत येत नाहीत बहुतेक, ताटाचा फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

ज्युपिटर-८ सगळे सुचवतात, स्वस्त आहे, झाइसच्या जुन्या सॉनारची रशियन आवृत्ती, तिचा नरमपणा छान आहे. पण सोव्हिएत कॅमेऱ्यांचं फोकसचं माप वेगळं आहे, ५२.४ मिमीच्या लेन्सवर आधारलेलं, आणि लायकाचं ५१.६. लांबचं बरोबर येतं, जवळ येऊन पूर्ण उघडी वापरली की घसरते. झॉर्की असेल तर बिनधास्त घ्या, तिथे ती घरचीच आहे. लायकावर लावायची तर कुणीतरी शिम (पातळ चकती) घालून नीट केलेली बघा, नाहीतर एफ/४ च्या पुढे वापरा.

सेकंडहँड घेताना अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर फंगस, मुंबई-ठाणे-कोकणातल्या लेन्समध्ये हमखास सापडतं, विकणारा "थोडी धूळ आहे" म्हणतो. धूळ चालते, फंगस असेल तर ती लेन्स सोडून द्या. धुक्यासारखा सरसकट पांढुरका थर असेल तर तो बहुतेक साफ होतो पण त्याचे पैसे किमतीतून कापून घ्या. आणि जमलं तर फोकस तपासा, मागचं झाकण उघडायचं, फिल्मच्या पट्ट्यांवर धुरकट चिकटपट्टी ताणून लावायची, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) धरून ठेवायचं, अपर्चर पूर्ण उघडं, समोर मीटरभरावर वर्तमानपत्र. पॅचमध्ये मथळा जुळवला की चिकटपट्टीवरचा मथळा भिंगातून बघायचा, तोही तिथेच खणखणीत पाहिजे. (एम बॉडीला मागे फक्त छोटी झडप उघडते, त्यातून जरा कसरत होते, पण होतं.) घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं, हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे.

आणि शेवटचा प्रश्न नेहमी असतो, टोपण लावून ठेवू का. रेंजफाइंडरला टोपण लावलेलं खिडकीतून दिसतच नाही, अख्खा रोल कोरा निघू शकतो, म्हणून बरेच जण नुसता यूव्ही फिल्टर लावून टोपण घरी ठेवतात. फक्त जुन्या बॉडीत शटर कापडाचं असतं आणि लेन्सचं तोंड सूर्याकडे राहिलं तर पडद्याला भोक पडतं, म्हणून उन्हात फिरताना अपर्चर एफ/१६ ला, फोकस सगळ्यात जवळ आणि लेन्स पोटाकडे वळवून ठेवायची.