पंचवीस रुपयांची चिल्लर

शुक्रवार, 16 जानेवारी. रात्रीचे साडेअकरा.

उद्या आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे आणि आजीला एक-एक रुपयाची पंचवीस नाणी हवी होती. बस, एवढंच काम. सकाळी साडेआठला अ‍ॅक्टिव्हा काढली ती संध्याकाळी सहाला घरी लावली, मधे दोन लेक्चर गेली, त्यातलं एक अर्थशास्त्राचं होतं, आणि सरांनी नेमका आजच 'पैशाची कार्ये' घेतलं असं ग्रुपवर कळलं. चालायचंच.

आजी मोड म्हणते, मी चिल्लर म्हणतो, पुण्याची मावसबहीण सुट्टे म्हणते आणि माझ्या चिल्लरला हसते. तिघांपैकी कोणाच्याच खिशात ती नसते ती गोष्ट वेगळी.

मी आधी सरळ म्हटलं की आजी, दहाची नोट ठेव ना प्रत्येकीच्या ओटीत, तुझी शान पण वाढेल. तर म्हणे ओटीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि रुपया, नोट नाही, नोट वाकते, रुपया वाजतो. आणि वर अट अशी की मोठा रुपया पाहिजे, तो 2011 नंतरचा छोटा नको. आता तो छोटा रुपया पण सरकारनेच काढलाय, पूर्ण चलनात आहे, पण आमच्याकडे भाजीवाले तो हातात घेऊन असा बघतात की जणू मीच घरी पाडून आणलाय. आजीला वाटतं की तो बंद झाला. कोणी सांगितलं तर सगळेच सांगतात. असो, ही अट मी मनातल्या मनात रद्द करून निघालो.

पहिला स्टॉप पोहे. कारण (1) भूक लागली होती (2) सकाळी सगळ्यात जास्त गिऱ्हाईक पोहेवाल्याकडे म्हणजे सगळ्यात जास्त चिल्लर त्याच्याकडे, असं माझं लॉजिक. इंदूरच्या आमच्या रामबागेतून निघून राजवाड्याच्या बाजूला ज्या ठेल्यावर मी नेहमी जातो तिथे गेलो, वीसचे पोहे, वर शेव, जीरावण, दहाची जलेबी. खाऊन झाल्यावर म्हटलं भिया, एक-एक के पच्चीस सिक्के मिलेंगे क्या. त्याने गल्ला उघडून दाखवला. खरंच दाखवला. आत दोन पन्नासच्या नोटा, एक रबरबँड आणि कोणाची तरी किल्ली. आणि तेवढ्यात शेजारच्या काकांनी स्कॅन केलं आणि डबा बोलला, तीस रुपये आले म्हणून, अमिताभच्या आवाजात.

हा आवाज मी रोज ऐकतो पण आज पहिल्यांदा नीट ऐकला. 2023 मध्ये फोनपेने तो साउंडबॉक्समध्ये आणला. म्हणजे बघा, जो माणूस टीव्हीवर 2000 सालापासून करोडपती करून राहिलाय, सात करोड म्हणताना ज्याचा आवाज असा खोल जातो, तोच आमच्या ठेल्यावर पोहे-जलेबीचे तीस रुपये त्याच गांभीर्याने सांगतो. तीसला पण तेवढाच मान. मला हे खूप आवडतं खरं तर.

पण तिथे उभ्या उभ्या डोक्यात आलं ते वेगळंच. शोलेमधलं नाणं! जय प्रत्येक वेळी नाणं उडवतो आणि शेवटी वीरूला कळतं की त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. अख्ख्या हिंदी सिनेमातलं सगळ्यात फेमस नाणं हेच असावं, आणि ते लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान आपल्या इंदूरचे, जन्म इथलाच. 1975 ला ज्याने ते नाणं उडवलं त्याच्याच आवाजाचा डबा आज ठेल्यावर बसलाय आणि गल्ल्यातून नाणी गायब. मी हे पोहेवाल्याला सांगितलं, तो म्हणाला भिया आप कॉलेज नी गए आज?

तिथून किराणा. दुकानवाले काका आमच्या बाबांना लहानपणापासून ओळखतात म्हणून आशा होती. त्यांच्याकडे चिल्लरच्या जागी टॉफीची बरणी. हे तर जुनंच, नोटबंदी झाली तेव्हा मी पाचवीत होतो तेव्हापासून बघतोय, दोन रुपये परत द्यायचे असले की दोन टॉफ्या. तेव्हा मी एकदा हुशारी केली होती, साठवलेल्या दहा टॉफ्या परत नेऊन म्हटलं होतं की काका याचे पेन द्या. घेतल्या नाहीत. म्हणजे टॉफी हे असं चलन होतं जे फक्त एका दिशेने चालायचं, दुकानदार देऊ शकतो, आपण नाही. (सर, बघा, पैशाची कार्ये.)

काका मग आपल्याच दुःखावर आले. 2025 च्या सप्टेंबरात 22 तारखेला बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, तर हिशोबाने पाचचा पुडा चार रुपये पंचेचाळीस पैशांचा झाला आणि तसा छापून पण आला. आता पंचावन्न पैसे परत कशाने देणार? पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, चार आणे आणि खालचं सगळं 2011 च्या जूनमध्ये बंद झालं, पाच पैसे तर आमच्या पिढीने पाहिलेच नाहीत. म्हणे पोरं यायची आणि बरोब्बर चार पंचेचाळीस स्कॅन करायची, आणि म्हाताऱ्या बायका पाच देऊन उभ्या राहायच्या, आणि पंचावन्न पैशांच्या जागी टॉफी द्यायची तर एक रुपयाची टॉफी पण अठ्ठ्याऐंशी पैशांची झालेली. ते एवढे वैतागून सांगत होते आणि मी मनात हसत होतो, कारण मला पहिल्यांदा कळलं की पाच-दहाचा पुडा हा वजनाने ठरत नाही, नाण्याने ठरतो. आधी पाच रुपये ठरतात, मग आत बिस्किटं किती ते. महागाई आली की पुडा तोच राहतो, आतलं कमी होतं. आता नाणी गेली तर हा पाचचा आकडा कशाला धरून बसलाय देव जाणे, सवयीने बहुतेक.

बँकेचं फार लिहीत नाही. लाइनीत पस्तीस मिनिटं, मग खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या नाणी थैलीने येतात, पंचवीस सुटी नाही मिळणार, सोमवारी या. हळदीकुंकू उद्या आहे मॅडम. मग म्हणाल्या माझ्याकडे पण आहे हो उद्या, तुम्हाला मिळाली तर मला पण सांगा. हे बाकी खरं सांगितलं त्यांनी. मराठी निघाल्या, सुदामानगरच्या.

लाइनीत फोनवर वाचत होतो की रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये एक मशीन आणायचं जाहीर केलं होतं, क्यूआर स्कॅन करा, खात्यातून पैसे कटतील आणि खाली नाणी पडतील, नोट टाकायची भानगडच नाही. बारा शहरांत ट्रायल ठरली होती. यादीत बडोदा आहे, इंदूर नाही. सफाईत 2017 पासून आमचा नंबर पहिला पण चिल्लरमध्ये बडोदेवाले पुढे, हे मी आत्याच्या मिस्टरांना कधीच सांगणार नाही कारण ते बडोद्याचे आहेत आणि आधीच फार बोलतात.

बाबांचा दुपारी फोन, स्टेशनवर बघ, वजनाच्या मशीनवाल्याकडे असते चिल्लर. त्यांच्या वेळी म्हणे रंगीत लाइटांचं मोठं मशीन असायचं, रुपया टाकला की खटकन कार्ड पडायचं, एका बाजूला हीरो-हिरोइनचा फोटो आणि मागे वजन आणि भविष्य. एका रुपयात वजन, सिनेमा आणि ज्योतिष! मी गेलो पण, पार्किंगचे दहा रुपये दिले (स्कॅन करून), मशीन काही दिसलं नाही.

आणि हे सगळं फिरताना मी सारखा विचार करत होतो की स्कॅन करताना मला फुकट कसं पडतं. 2020 च्या जानेवारीपासून दुकानदाराकडून यूपीआयचं काही कमिशन घेत नाहीत, आणि 2024-25 साठी सरकारने छोट्या दुकानदारांच्या दोन हजारपर्यंतच्या व्यवहारावर बँका वगैरेंना 0.15 टक्के द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे माझ्या वीसच्या पोह्यांवर तीन पैसे. तीन पैसे! जे नाणं मी फक्त आजीच्या डब्यात बघितलंय, ते षटकोनी, अ‍ॅल्युमिनियमचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात 2000 कोटी व्यवहार झाले देशात, त्यात माझे किती म्हणून अ‍ॅप उघडून मोजायला बसलो स्टेशनबाहेर आणि मोजणं एकशेदहाला सोडून दिलं. चहा 10, चहा 10, झेरॉक्स 4, चहा 10, पेट्रोल 100, गराडू 60. आई महिन्याला पाच हजार देते आणि वीस तारखेला कुठे गेले विचारते तेव्हा मी खरंच सांगू शकत नाही, कारण जाताना मला काही झालेलंच नसतं. आवाज दुकानदाराच्या डब्यात होतो ना. माझ्या बाजूला नुसती हिरवी टिक, ती पण मी बघत नाही, मी त्याच्या डब्याकडे बघत असतो, बोलला की निघायचं. आधी नोट मोडायची म्हणून तरी माणूस थांबायचा. पाचशेची नोट मोडायला जीव जायचा, घरी सगळ्यांचाच जायचा, आता मोडायला काही राहिलंच नाही.

शेवटी साडेचारला डोक्यात प्रकाश पडला. देऊळ! जिथे अजून नाणी लागतात तिथेच ती असणार. खजराना गणपतीला गेलो. आधी दर्शन घेतलं, खोटं कशाला बोलू, कामासाठीच घेतलं. मग बाहेर हार-दुर्वा विकणाऱ्या एका मावशींकडे विचारलं. त्यांनी टोपलीखालून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं, आणि आई शप्पथ, डबाभर रुपये. मी एवढे रुपये एकत्र कधी बघितले नव्हते.

पच्चीस के तीस, मावशी म्हणाल्या.

म्हणजे रुपया एक रुपया वीस पैशांना. मला एकदम आठवलं की मागे माहितीच्या अधिकारात उत्तर आलं होतं, एक रुपयाचं नाणं पाडायलाच एक रुपया अकरा पैसे लागतात, म्हणजे टांकसाळ प्रत्येक रुपयामागे अकरा पैसे घालवते आणि मावशी प्रत्येक रुपयामागे वीस पैसे कमावतात. बाजाराची खरी अक्कल कोणाला आहे सांगा. घासाघीस करायची हिंमत झाली नाही, कारण दुसरं दुकानच नाही या मालाचं. तीस स्कॅन केले. आणि डबा बोलला, तोच, अमिताभ, तीस रुपये. नाणी विकत घेतली तर ती पण त्यालाच सांगून.

मावशींनी मोजून दिली, चोवीस झाली आणि डब्यात नुसते दोन-दोनचे राहिले. एक कम पड़ गया बेटा, असं म्हणून त्यांनी काय दिलं असेल?

टॉफी.

घरी आजीने सगळी नाणी पाटावर ओतली आणि दोनदा मोजली. त्यात सात छोटी निघाली, ती तिने बाजूला काढली, मग माझ्या तोंडाकडे बघून परत आत ढकलली. पण चोवीसच. आई म्हणाली एक बाई कमीच होतील, देवासची आत्या येत नाहीये, तिला बरं नाही. आजी म्हणे न आली म्हणून काय झालं, तिच्या नावाचा रुपया ठेवायचा.

तर मी आजीसमोर फोन काढला, आत्याच्या नंबरवर एक रुपया पाठवला आणि खाली नोटमध्ये 'ओटी' लिहिलं. हिरवी टिक दाखवली. आजीने चष्मा लावून टिक बघितली, मग फोनकडे कान केला, थोडा वेळ तशीच थांबली.

पोचला का रे?

पोचला आजी.

मग आवाज कुठे झाला?