फोटो लहान मुलाचा हवा

श्रावणातला रविवार, बेळगाव

पाऊस थांबायचं नाव घेईना. आमच्याकडच्या श्रावणात पावसापेक्षा गारठाच जास्त बाधतो. मला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. स्नायू मुळातच ताठ, त्यात असली हवा. सकाळी उजवी टाच जमिनीला टेकायलाच अर्धा तास गेला. तरी आमच्या गटाच्या बोचियाच्या सरावासाठी हॉल गाठला, कारण चातुर्मास आहे तोवरच तो आमचा. लग्नं नाहीत म्हणून शहापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी रविवारची सकाळ फुकट दिलीय. तुळशीचं लग्न लागलं की आमची वरात रस्त्यावर.

फरशीवर चिकटपट्टीने साडेबारा मीटर बाय सहा मीटरचं मैदान आखलं की झाला बोचियाचा कोर्ट. आधी पांढरा चेंडू टाकायचा, मग एकाचे सहा लाल, दुसऱ्याचे सहा निळे. पांढऱ्याच्या जवळ कोण, त्याला गुण. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे, ऑलिम्पिकमध्ये नाही. म्हणजे धडधाकट माणसाला इथे पदकाची सोय नाही, याचा मला थोडा दुष्ट आनंद होतो.

चेंडू पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, हाताला मऊ. फेकणं जमतं, सोडणं जमत नाही. मेंदूचा हुकूम सुटला तरी बोटं मुठीतच रेंगाळतात, आणि चेंडू डावीकडे जातो. म्हणून मी अलीकडे तळवा वर करून, खालून टाकते. आज तीन चेंडू पांढऱ्याला अगदी लागून बसले. चौथा हातात घेतला आणि आत मुदपाकखान्यात कुणीतरी पातेल्याचं झाकण पाडलं. दचकले की माझं सगळं अंगच उसळतं, तो काही माझ्या हातातला मामला नाही. चेंडू थेट नवरा-नवरीच्या स्टेजखाली. सगळे हसले, मीही हसले. गणपती जवळ आलेत, ढोलताशांच्या दिवसांत काय करणार देव जाणे.

दुपारी पावतीपुस्तक घेऊन खडेबाजारात. चेंडूंचे दोन संच आणि स्पर्धेला जायचा खर्च, एवढंच मागतोय. मंडळाची वर्गणी मागायला पोरं येतात तेव्हा कुणी ‘कशाला’ विचारत नाही, आम्हाला मात्र सगळं सांगावं लागतं. एका कापड दुकानदारांनी पत्रक नीट वाचलं, चहा मागवला आणि म्हणाले, “तुझा कशाला फोटो लावलीस गे? लहान पोराचा लाव, लोक देतात की.” पाचशेची पावती फाडली त्यांनी. माणूस वाईट नाही, आणि खोटंही बोलला नाही. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका सहा वर्षांच्या पोराच्या वॉकरसाठी पैसे मागितले होते, ते आठवड्यात जमले.

पण ते पोर मोठं होणारच ना? मी चौतीस वर्षांची आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूला जी इजा झाली ती वाढत नाही, हे डॉक्टर आईला पहिल्यापासून सांगत आले. खरंच आहे. पण वेड्यावाकड्या चालीने खुबा आणि गुडघे लवकर झिजतात, थकवा लवकर येतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मागे खुबा फारच दुखायला लागला तेव्हा एका थेरपी केंद्रात गेले. चिमुकल्या गाद्या, खुळखुळे, माझ्या गुडघ्याएवढे धरायचे बार. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, “आम्ही मोठ्यांना घेत नाही.” मग मोठ्यांनी जायचं कुठे? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार मोजलेत आणि सेरेब्रल पाल्सीचं नाव त्यात स्वतंत्र आहे. वय घातलेलं मला कुठे दिसलं नाही.

हेच परवा एका कार्यालयात सांगायला गेले. अर्ज कन्नडात लिहून नेला होता, बोलणं माझं मोडक्या कन्नडात आणि त्याहून मोडक्या उच्चारात. साहेब सगळा वेळ आईकडे बघून विचारत होते, “ह्यांना काय पाहिजे?” आई नुसती माझ्याकडे बोट दाखवायची. ते कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोल्हापूरला गेले होते तेव्हाही असंच जिन्याखाली बसून साहेबांची वाट पाहिली होती. सीमाप्रश्नावर एवढी वर्षं भांडण चाललंय, पण जिन्याच्या बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

पत्रकावरचा फोटो बदलायचा नाही, असं संध्याकाळी सगळ्यांचं ठरलं. एकजण नाराज आहे. त्याच्या मते आधी पैसे, मग तत्त्व, आणि त्याचंही अगदीच चूक म्हणता येत नाही. दिवाळीपर्यंत एक संच तरी आला नाही तर पुन्हा बसून बोलू. तुळशीच्या लग्नानंतरच्या जागेसाठी बाबांनी वडगावातलं एक देवळाचं सभागृह सुचवलंय. फरशी सपाट आहे म्हणतात. पायऱ्या किती, ते त्यांनी बघितलेलं नाही. बुधवारी पाऊस कमी असला तर रिक्षाने जाऊन बघून येऊ.