के-वन, के-टू वाचल्याशिवाय कार्डाला हात लावू नका

एसडीएच लिंकवर (फायबरवरून ठरावीक फ्रेममध्ये डेटा पाठवण्याची पद्धत) नेहमीचा म्हणजे वर्किंग फायबर तुटला आणि ट्रॅफिक प्रोटेक्शनवर, म्हणजे राखीव फायबरवर, गेला नाही, की पहिला संशय उपकरणातल्या कार्डावर घेतात. कार्ड काढून पुन्हा बसवण्याआधी दोन्ही टोकांचे के-वन आणि के-टू बाइट उतरवून घ्या; या बाइटांतूनच दोन टोकं प्रोटेक्शनवर वळण्याबद्दल एकमेकांशी बोलतात. मागणी कोणी केली आणि समोरून काय उत्तर आलं, ते त्यांतच कळतं.

फ्रेमच्या ओव्हरहेडमध्ये (डेटासोबत जाणाऱ्या नियंत्रणाच्या भागात) पाचव्या ओळीत हे बाइट असतात, दर १२५ मायक्रोसेकंदांनी एकदा. लिनियर संरक्षणात, म्हणजे दोन टोकांमधल्या सरळ जोडणीत, प्रोटेक्शन फायबरवरून आलेलेच बाइट ग्राह्य. नवं मूल्य सलग तीन फ्रेममध्ये सारखं आलं तरच ते मानलं जातं.

समजा, वडोदऱ्यात एक नोड अलकापुरीत, दुसरा दांडिया बाजारात. रचना एकास एक (एका वर्किंगला एक प्रोटेक्शन, बिघाड झाला तरच त्यावर जोडायचं), वर्किंग म्हणजे चॅनल १, सिग्नल फेलला वरचा अग्रक्रम. अलकापुरीला वर्किंगवर सिग्नल मिळेनासा झाला. ती के-वनमध्ये ११०१ ०००१ पाठवते: पहिले चार बिट मागणीचे, पुढचे चार चॅनलचे. दांडिया बाजार चॅनल १ प्रोटेक्शनवरही जोडतो, के-वनमध्ये ००१० ०००१ म्हणजे रिव्हर्स रिक्वेस्ट (समोरच्या मागणीला दिलेलं उत्तर) आणि के-टूमध्ये ०००१ १००० पाठवतो. ते पाहून अलकापुरी प्रोटेक्शनवरून घ्यायला लागते, स्वतःही जोडणी करते आणि तिचा के-टूही ०००१ १००० होतो. मग दांडिया बाजारही प्रोटेक्शनवरून घ्यायला लागतो. बिघाड ओळखल्यापासून हे सगळं ५० मिलिसेकंदांत व्हायला हवं.

के-वनमध्ये ११११ दिसलं तर शोध संपला: कोणीतरी लॉकआउट (प्रोटेक्शनवर वळायला बंदी) लावून विसरलं आहे. मेंटेनन्सनंतर हे फार वेळा राहून जातं. १११० म्हणजे फोर्स्ड स्विच, आदेश देऊन सक्तीने प्रोटेक्शनवर वळवणं. वर्किंगच्या बिघाडापेक्षा तो वरचढ, पण प्रोटेक्शनच्या स्वतःच्या बिघाडापुढे त्याचं चालत नाही. ०११० दिसलं तर थांबा. वर्किंग दुरुस्त झाल्यावर ५ ते १२ मिनिटांची ही ठरवलेली वाट असते. तेवढ्यात अडकलं म्हणून रीसेट करणं चुकीचं.

के-टूचा पाचवा बिट दोन्ही टोकांना सारखा हवा: एक अधिक एकसाठी (दोन्ही फायबरवर सिग्नल सतत जातो) ०, एकास अनेकसाठी (अनेक वर्किंगना एक प्रोटेक्शन) १ (एकास एकलाही १च). एकीकडे ०, दुसरीकडे १ म्हणजे कॉन्फिगरेशन जुळलेलं नाही. मागितलेला चॅनल के-टूच्या पहिल्या चार बिटांत परत येत नसेल, तर समोरच्या टोकाने जोडणीच केलेली नाही. वर्किंग आणि प्रोटेक्शनचे पॅचकॉर्ड पॅनलवर एका टोकाला उलटे लागले असतील तर या बाइटांचा मेळ बसणारच नाही. म्हणून स्विचिंग तपासताना एका वेळी एकच रिसीव्ह फायबर काढा आणि दोन्ही टोकांचं वाचन टिपा.

आणि केबलचा मार्ग स्वतः चालून पाहा. विश्वामित्री ओलांडताना दोन्ही केबल एकाच पुलावरच्या एकाच डक्टमधून जात असतील, तर तिथे एक घाव बसताच हे बाइट वाहून नेणारा फायबरही जातो. दुसरी केबल दुसऱ्या पुलावरून न्यायची मागणी लेखी द्या, सोबत मार्गाचा नकाशा जोडून.