ड्रेनबॅक चाचणी, प्रयत्न तिसरा: कंपनीचं खोकं की सप्लायरचं?

प्रश्न असा: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला ऑइल फिल्टर आणि तो बनवणाऱ्या सप्लायरच्या स्वतःच्या खोक्यातला, आत एकच का? त्यासाठी सहा फिल्टरचा संच तपासायला घेतलाय, त्यात अशी एक जोडी आहे. मागच्या नोंदीतला ड्रेनबॅकचा (इंजिन बंद असताना फिल्टरमधलं तेल मागे गळण्याचा) तक्ता खोडून टाका. सहाच्या सहा फिल्टर नापास होतात म्हणजे दोष फिल्टरचा नाही, मांडणीचा.

तेल भरून फिल्टर तोंड खाली करून टांगला की मधल्या आट्यांच्या भोकातून ते गळणारच. अँटी-ड्रेनबॅकचा रबरी पडदा तिथे नसतोच. तो झाकतो कडेची, तेल आत घेणारी भोकं. थोडक्यात, मोजलं ते भलतंच.

दुसऱ्या खेपेला मधलं भोक एम20 × 1.5 चा (20 मिमी व्यास, 1.5 मिमी अंतराचे आटे) बोल्ट आणि वॉशर लावून बंद केलं. (बोल्टचे आटे तपासूनच घ्या. 3/4-16 चा, म्हणजे पाऊण इंची आणि इंचाला 16 आट्यांचा, बोल्ट एम20 च्या फिल्टरमध्ये ढिला का होईना बसतो. इंजिनवर हीच गफलत झाली की फिल्टर प्रेशरखाली निसटतो.) निकाल? सगळे पास! पडदा वाळून कडक झालेला जुना नायट्राइल रबरवालासुद्धा. इथे डोकं चक्रावलं. कारण मात्र अगदी साधं होतं: स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबलं की आतलं सरबत खाली येत नाही, तसंच हे. हवा आत शिरायला वाटच नव्हती, त्यामुळे फाटका पडदाही पास झाला असता.

तिसरी मांडणी अशी. मधला बोल्ट तसाच, शिवाय डब्याच्या घुमटावर हवेसाठी 2 मिमीचं भोक. असा फिल्टर परत इंजिनवर चढवायचा नाही, ड्रिलचा कीस आतच राहतो. 200 मिली तेल, तोंड खाली, 12 तास, खाली बशी, बशीखाली 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. आता कुठे फरक दिसला. नव्या सिलिकॉन पडद्याखाली बशीत नाण्याएवढा एकच डाग. नवा नायट्राइलही जवळपास तेवढाच घट्ट. वापरलेलं सिलिकॉन टिकलं. वापरलेलं नायट्राइल सकाळपर्यंत रिकामं. तो एक डाग बघून झालेल्या आनंदात आधीचे दोन्ही फसलेले प्रयत्न वसूल.

पडद्याच्या रंगावर जाऊ नका. सिलिकॉन बहुधा नारिंगी असतं, पण नियम नाही. पडदा दुमडून नखाने दाबा: उष्णतेने कडक झालेल्या नायट्राइलवर वळ राहतो.

आता मूळ प्रश्न. गाडीची कंपनी फिल्टर सहसा स्वतः बनवत नाही. मान+हुमेल, माहले, डेन्सो असे सप्लायर बनवतात. डेन्सो तर 1949 साली टोयोटातूनच वेगळी झाली. म्हणून ‘आत तोच माल, वरती फक्त लोगोचे पैसे’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. या संचातली जोडी त्याला अर्धाच दुजोरा देते. बुडाची पत्री, भोकांची संख्या, गॅस्केटची खाच सगळं एकसारखं. कागदही तोच: 56 चुण्या, खोली 12 मिमी, उंची 70 मिमी. दोन्ही बाजू धरून 56 × 2 × 12 × 70, म्हणजे सुमारे 941 चौसेमी. (संचातल्या सगळ्यात स्वस्त फिल्टरमध्ये तेवढ्याच डब्यात 40 चुण्या, 672 चौसेमी.) पडदा मात्र वेगळा. कंपनीच्या खोक्यात सिलिकॉन, सप्लायरच्या स्वतःच्या खोक्यात नायट्राइल. एकाच कारखान्यातून दोन स्पेसिफिकेशनचा माल निघू शकतो, तो असा.

फिल्टर आडवा किंवा तोंड खाली बसत असेल आणि तेलबदलाचं अंतर लांबचं असेल, तर जास्तीचे पैसे पडद्यासाठी मोजायला हरकत नाही. तोंड वर करून बसणाऱ्या इंजिनात फिल्टर तसाही भरलेला राहतो. तिथे सप्लायरचा घ्या. गाळण्याच्या बाबतीत लोगो काहीच सांगत नाही. खोक्यावर नुसतं ‘20 मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या. सोबत टक्केवारी हवी, आणि ती आयएसओ 4548-12 (ऑइल फिल्टर किती गाळतो ते मोजण्याचं मानक) प्रमाणे हवी. बीटा म्हणजे त्या आकाराचे कण फिल्टरच्या आधी किती आणि नंतर किती, याचं गुणोत्तर: बीटा 2 म्हणजे 50%, बीटा 20 म्हणजे 95%, बीटा 75 म्हणजे 98.7%. मायक्रॉन तेच, फिल्टर तीन.

पुढची पायरी कागद सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची होती. ती आता मागे, कारण हे लिहितानाच बायपास (कागद तुंबला की तेलाला बाजूने वाट देणारा व्हॉल्व्ह) मोजायची युक्ती सुचली. हवेचा पंप लावून उपयोग नाही, कोरड्या कागदातून हवा सरळ पार होते. त्यापेक्षा व्हॉल्व्ह कापून बाहेर काढायचा, काट्यावर ठेवायचा आणि तबकडी बोथट काडीने मधोमध दाबायची. ती सीटवरून (ती टेकते त्या कड्यावरून) जेमतेम सुटली की वजन वाचायचं. सीटच्या ओठाचा व्यास 14 मिमी असेल तर क्षेत्रफळ 1.54 चौसेमी, म्हणजे 1.57 किलोला 1 बार. व्यास ओठाचाच घ्या, भोकाचा नको. 1 मिमीची चूक उत्तर सुमारे 15% हलवते. डबा कटरनेच कापा, हॅकसॉचा कीस सीटवर बसला की आकडा गेला.

कंपनीच्या फिल्टरचा व्हॉल्व्ह 1.9 किलोला सुटला, साधारण 1.2 बार. जोडीतला दुसरा रॉकेलमध्ये धुऊन वाळत घातलाय. आटे आणि गॅस्केट जुळूनही तिथला आकडा वेगळा निघाला, तर वरचा ‘सप्लायरचा घ्या’ हा सल्लाही खोडावा लागेल.