शेवटी चीर मिटली!

आज दिवसभर एका अँटेनाच्या मागे होते. साधा अर्धतरंग डायपोल, म्हणजे लहरीच्या साधारण अर्ध्या लांबीची सरळ तार. दर 10 अंशांवर मोजलेलं रेडिएशन: थीटा (तारेच्या अक्षापासूनचा कोन) 0 ते 180, फाय (अक्षाभोवतीचा कोन) 0 ते 350. म्हणजे 19 ओळी, 36 रकाने, 684 आकडे. यातून मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथॉनची आलेख काढायची लायब्ररी) मेदूवड्यासारखा बंद आकार उभा करायचा होता.

पहिल्यांदा वर-खाली लांब सुळेच आले. जिथे जवळजवळ काहीच नसायला हवं, नेमकं तिथे! आकडे डेसिबलमध्ये, म्हणजे लॉगच्या मोजपट्टीवर, त्यामुळे अक्षाजवळचे क्षीण आकडे ऋण. तेच मी त्या-त्या दिशेची त्रिज्या म्हणून वापरले होते, आणि त्रिज्या ऋण झाली की बिंदू केंद्रातून पलीकडे जाऊन पडतो. मग उणे 40 च्या खालचं सगळं उणे 40 वर आणलं आणि सगळ्यांत 40 मिळवले. वडा दिसायला लागला.

पण एका बाजूला उभी चीर. कलिंगडाची पातळ फोड काढून घ्यावी तशी. सूत्रं पुन्हा तपासली, सगळी बरोबर. शेवटी कागदावर जाळी काढली तेव्हा दिसलं: 350 नंतर 360 येतच नाही. आपल्या लेखी 0 आणि 360 एकच, पण शेवटचा रकाना पहिल्याला जोडायचा हे जाळीला कोण सांगणार? पहिला रकाना उचलून शेवटी पुन्हा लावला, फाय 360 म्हणून. 37 रकाने झाले, चीर गेली.

मग कितीतरी वेळ तो वडा माऊसने नुसता फिरवत बसले. वरून बघितलं की खळगा अक्षावर अगदी एका बिंदूत मिटतो, कारण तारेच्या दिशेने डायपोल काही पाठवतच नाही. इतकं सुंदर दिसतं ते!