विंडसर, व्हरमाँट : चिमुकले लेथ बघायला गेलो होतो

मागच्या आठवड्यात अमेरिकेतल्या विंडसरचं अमेरिकन प्रिसिजन म्युझियम बघून आलो, जुन्या मशीनचं संग्रहालय. ज्याने कधी मशीन शॉपमध्ये हात काळे केलेत त्याने एकदा तरी जावंच. इमारत १८४६ची, रॉबिन्स अँड लॉरेन्सचा बंदुकांचा कारखाना होता तो, १८५१ला लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी सहा रायफली मांडल्या, कुठल्याही रायफलीचा पार्ट कुठल्याही रायफलीत बसायचा, ते बघून ब्रिटिशांनी पुढे इथून रायफलीच काय, त्या बनवायच्या मशीनसुद्धा मागवल्या.

पण मी गेलो होतो जॉन आशाउअर यांनी बनवलेल्या छोट्या मशीन टूल्ससाठी, म्हणजे धातू कापून पार्ट बनवणाऱ्या मशीनच्या छोट्या प्रतींसाठी. नुसत्या दिसायला तशा नाहीत हो, चालणारी मॉडेल्स आहेत. मी लेथपाशीच अडकलो (लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापायचं मशीन). लीड स्क्रूचे, म्हणजे टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचे आटे मोजायला गेलो तर दर वेळी नजर घसरायची, शेवटी नाद सोडला. आणि नुसतं लहान केलं की झालं असं नसतं. मोठ्या लेथच्या स्लाइडमध्ये (टूल सरकतं त्या भागात) ०.०२ मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा असला तरी आपण काम काढतो, पण मशीन दहापट लहान केलं की तेवढाच प्ले मोठ्यावरच्या ०.२ मिमीसारखा, म्हणजे सगळं डुगडुगणार. शिवाय वजन हजारपट कमी, त्यामुळे मोठं मशीन जसं स्वतःच्या वजनावर गप्प बसतं तसं हे बसत नाही. एवढी फिटिंग हाताने करायला काय धीर लागला असेल!

आता जाणाऱ्यांसाठी. आधी ही मॉडेल्स बघा, मग मोठ्या जुन्या मशीन. मी उलटं केलं आणि परत मागे जावं लागलं, कारण छोट्या मशीनवर पुलीपासून टूलपर्यंत फिरणं कसं पोचतं ते एका नजरेत कळतं, मोठ्यापुढे उभं राहिलं की एका वेळी एकच बाजू दिसते. तीन तास तरी हातात ठेवा. फोटोला फ्लॅश बंद, लेन्स काचेजवळ न्या, नाहीतर फोटोत फक्त दिवे येतात. लहान भिंग खिशात असू द्या, मला फार आठवण आली त्याची. हिवाळ्यात जायचं असेल तर उघडं आहे का ते आधी बघून घ्या.

गाडी नसेल तर अ‍ॅमट्रॅकची व्हरमाँटर ही रेल्वेगाडी विंडसरला थांबते, पण फेऱ्या कमी, परतीचं आधी ठरवा. वेळ उरला तर कनेक्टिकट नदीवरचा १८६६चा छप्पर असलेला लाकडी पूल बघा, पलीकडे उतरलात की न्यू हॅम्पशायर.