बेसिनखालचं कपाट, चौथा आठवडा : पायांची टोकं आणि पाण्यातले तीन तुकडे

आठवडा जवळजवळ सगळा चार पायांच्या खालच्या टोकांवरच गेला, पण वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही.

आधीचं एमडीएफचं (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) कपाट नेमकं तिथूनच गेलं होतं. लॅमिनेट वरून चकचकीत, आणि खाली बिस्किट चहात बुडवल्यासारखं फुगलेलं. म्हणून या वेळी लाकूड कापल्यावर उरलेले तीन तुकडे ट्रेमध्ये बोटभर पाण्यात आठ दिवस उभे ठेवले, जुन्या चौकटीचं सागवान, बांबू बोर्ड आणि एमडीएफ. एमडीएफ १८ मिमीचं साडेएकवीस झालं आणि वाळल्यावरही खाली बसलं नाही. सागवान कॅलिपरवर अर्धा मिमीसुद्धा वाढलं नाही. बांबूची जाडी ठीक राहिली, चिकटवलेल्या पट्ट्याही सुटल्या नाहीत, पण कापलेल्या कडेला काळे ठिपके आले, बुरशीच ती. बांबू तीन ते पाच वर्षांत तोडायला तयार होतो ही मोठीच गोष्ट आहे, पण त्यात स्टार्च भरपूर, त्यामुळे ओल्या जागी कड उघडी ठेवून चालतच नाही. शिवाय बोर्ड म्हटला की गोंद आला, तो युरिया फॉर्मल्डिहाइडचा असेल तर ओलाव्याने हळूहळू सुटतो, फिनॉलिक असेल तर टिकतो. बोर्ड घेताना मी आता आधी गोंद कुठला ते विचारतो, बाकीचं नंतर. माझा बांबू फक्त आतल्या कप्प्यांना, चारही कडा सील करून.

सागवानाने मात्र घाम काढला. त्यात सिलिका असते, रंध्याचं पातं अर्ध्या तासात बोथट. जुने खिळे लोहचुंबक फिरवून शोधले तरी एक राहिलाच आणि पात्याला दात पडला. आणि लाकूड मुळात तेलकट, त्यामुळे चिकटवायच्या आधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसायचा आणि लगेच गोंद लावायचा, उद्यावर टाकलं तर तेल परत वर येतं.

आता पाय. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, तिथे लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी असतात. टंग ऑइलचा (टंग झाडाच्या बियांचं, लाकडात मुरून वाळणारं तेल) पहिला हात पातळ करून दिला, तो बघता बघता नाहीसा झाला, दुसराही तसाच, पाचव्या हाताला कुठे तेल वर थांबायला लागलं. बाकी अंगाला तीन हात पुरले. जवसाचं तेल मुद्दाम टाळलं, दमट जागी त्यावर बुरशी लवकर धरते. आणि तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका रे, वाळताना आपोआप तापून पेट घेतात, मी एकेक पसरून बाहेर वाळवतो.

वरची फळी पक्की ठोकलेली नाही. हवेतल्या ओलाव्याने ती रुंदीत कमीजास्त होणारच, म्हणून मागच्या बाजूची भोकं लांबट केलीत आणि स्क्रू सगळे स्टेनलेसचे, कारण साधं लोखंड ओलं झालं की सागवानावर काळा डाग उठतो. स्क्रू काढले की फळी सुटी होते, म्हणजे उद्या एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येईल.

दारं अजून बाकी आहेत. तेल पूर्ण मुरायला तीनेक आठवडे लागतील, तोवर पाय रोज हात लावून बघतोय, आज पहिल्यांदा बोटाला चिकटपणा लागला नाही.